यूकेच्या व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स' आहे, पैसे संपलेत, घर जातंय: काउन्सिलकडे मदत कशी मागायची

इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज येतोच. कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स (परदेशी कामगार ठेवायचा परवाना) गेलं, पगार थांबला, पदरात दोन लहान मुलं, आणि घरमालक म्हणतोय घर खाली करा. खाली लगेच चारपाच उत्तरं पडतात की बाबा रे आपल्याला इथे काही मिळत नाही, व्हिसावरच लिहिलंय, तिकीट काढ आणि ये परत. हे उत्तर अर्धं बरोबर आहे. बेनिफिट्स मिळत नाहीत हे खरं, पण काउन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसची मदत कायद्याने 'पब्लिक फंड्स'मध्ये मोजलीच जात नाही, त्यामुळे ती मागितली म्हणून व्हिसाची अट मोडत नाही. लहान मूल घरात असेल किंवा घरातलं कोणी आजारी, अपंग असेल तर हे दार खरंच उघडतं, फक्त दार कुठलं ते माहीत हवं. खालचं सगळं मुख्यतः इंग्लंडबद्दल आहे, वेल्स-स्कॉटलंडबद्दल मध्ये थोडं लिहिलंय.

आधी नक्की काय बंद आहे ते बघा

तुमच्या व्हिसाला ही अट आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. पूर्वी बीआरपी, म्हणजे व्हिसाच्या कार्डावर छापलेलं असायचं, आता कार्डं गेली आणि ई-व्हिसा आला, त्यामुळे यूकेव्हीआय अकाउंटला (होम ऑफिसच्या व्हिसा अकाउंटला) लॉगिन करून बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे लागेल. स्टुडंट, स्किल्ड वर्कर, हेल्थ अँड केअर, ग्रॅज्युएट, डिपेंडंट, स्पाउस व्हिसा, सगळ्यांना साधारण ही अट असतेच. आयएलआर (कायम राहायची परवानगी) झालेल्यांना सहसा नसते. गोव्याकडची जी मंडळी पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन, साउथॉलला आलीत त्यांचं गणित वेगळं आहे, सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटसवर ही अट नसते, प्री-सेटल्डला बेनिफिटसाठी नोकरी वगैरेच्या अटी असतात, तेव्हा त्यांनी हा लेख सोडून आधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला विचारावं.

बंद काय आहे तर युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, पिप (अपंगत्वाचा भत्ता), पेन्शन क्रेडिट, काउन्सिल टॅक्स रिडक्शन, काउन्सिलचं घर आणि बेघर झाल्यावर काउन्सिलच्या हाउसिंग खात्याकडून मिळणारं घर. ही यादी इमिग्रेशन रूल्समध्ये आहे आणि जे त्या यादीत नाही ते पब्लिक फंड नाही, इतकं सरळ आहे. म्हणजे एनएचएस, सरकारी शाळा, स्टॅट्युटरी सिक पे, मॅटर्निटी पे, मॅटर्निटी अलाउन्स, एकट्याने राहणाऱ्याला काउन्सिल टॅक्समध्ये मिळणारी २५ टक्के सूट, हे सगळं चालतं. एनएचएससाठी तर हेल्थ अँड केअर व्हिसावाले सोडून बाकीच्यांनी आधीच सरचार्ज भरलाय, २०२४ पासून वर्षाला मोठ्या माणसाचे १०३५ पौंड आणि विद्यार्थी-मुलांचे ७७६, तेव्हा जीपीकडे जाताना लाजू नका. जीपीकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा द्यावाच लागतो असंही नाही, रिसेप्शनवर कोणी अडवलं तर नम्रपणे पण ठामपणे सांगा.

तीन-चार वर्षांच्या मुलांना नर्सरीचे आठवड्याचे १५ तास व्हिसा कुठलाही असला तरी मिळतात. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना जे ३० तास मिळतात ते मात्र दोघांवरही ही अट असेल तर नाहीत. शाळेत जेवण रिसेप्शन ते दुसरीपर्यंत सगळ्यांना फुकट असतं, लंडनमध्ये सरकारी प्रायमरीभर, आणि त्याच्या पुढच्या मुलांनाही घरचं उत्पन्न मर्यादेत असेल तर एनआरपीएफ ('नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स', म्हणजे हीच अट) असूनही मिळू शकतं, त्याचा फॉर्म शाळेच्या ऑफिसात मागायचा. हे आधी लावून घ्या, कारण घर जायच्या आधीच्या दोन महिन्यांत हेच पैसे वाचतात.

दार कुठलं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. बेघर व्हायची वेळ आली की माणूस साहजिकच काउन्सिलच्या हाउसिंग काउंटरवर जातो, तिथला माणूस कंप्युटरवर व्हिसा बघतो आणि म्हणतो नॉट एलिजिबल. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या खात्यापुरतं ते खरंच असतं. पण तुम्हाला जायचंय चिल्ड्रन्स सर्व्हिसेसकडे, कारण १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या सेक्शन १७ मध्ये काउन्सिलवर आपल्या हद्दीतल्या 'चाइल्ड इन नीड'ची, म्हणजे गरजू मुलाची, जबाबदारी टाकलीये, आणि त्या सेक्शनखाली मुलासाठी म्हणून अख्ख्या कुटुंबाला जागा आणि पैसे देता येतात. मूल ब्रिटिश असायला हवं असं अजिबात नाही. वेल्समध्ये हेच काम २०१४ च्या सोशल सर्व्हिसेस अँड वेल-बीइंग अ‍ॅक्टखाली चालतं आणि स्कॉटलंडमध्ये १९९५ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या सेक्शन २२ खाली, रीत साधारण तीच.

मूल नाही पण आजारपण, अपंगत्व, मानसिक आजार यामुळे स्वतःची देखभाल जमत नाही, तर अ‍ॅडल्ट सोशल केअर, कायदा केअर अ‍ॅक्ट २०१४. यात एक खोच आहे, गरज नुसती पैसे नाहीत म्हणून निर्माण झालेली असेल तर काउन्सिल हात वर करते. त्यामुळे जीपीचं पत्र, औषधांची यादी, हॉस्पिटलचे कागद, आंघोळ-कपडे-जेवण यातलं काय स्वतःला जमत नाही हे नीट लिहिलेलं, हे सगळं लागतं. आपल्याकडची माणसं, विशेषतः वडीलधारी, सोशल वर्करसमोर "तसं ठीक आहे, चालतंय" म्हणतात. नका म्हणू. वाईट दिवशी काय होतं ते सांगा.

आणि कोण कुठल्या काउन्सिलचं? आत्ता मूल प्रत्यक्ष जिथे राहतंय ती काउन्सिल. हॅरोमधून मित्राकडे स्लाउला आलात तर स्लाउकडे मागायचं. तुम्ही आधी तिकडे होतात तिकडेच जा, असं सांगून पाठवणी करायचा प्रकार होतो, तेव्हा मुलं आज रात्री इथे आहेत हे लेखी द्या.

कधी जायचं

घराबाहेर काढल्यावर शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला नाही. नोटीस आली, किंवा ज्यांच्याकडे राहताय त्यांनी अमुक तारखेपर्यंत सोय बघा म्हटलं, की लगेच. असेसमेंट पूर्ण करायला काउन्सिलला ४५ कामाचे दिवस मिळतात, पण रेफरल आल्यावर पुढे काय करायचं हे त्यांनी एका कामाच्या दिवसात ठरवायचं असतं, आणि आज रात्री झोपायला जागा नसेल तर असेसमेंट चालू असताना तात्पुरती सोय करता येते. ही तात्पुरती सोय तुम्ही मागायची, आपणहून कोणी विचारत नाही.

कागद

पासपोर्ट, ई-व्हिसाचा स्क्रीनशॉट आणि शेअर कोड (दुसऱ्याला व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून काढायचा नंबर), मुलांचे जन्मदाखले, शाळेचं पत्र. घरमालकाची नोटीस, किंवा मित्राकडे असाल तर त्याचं सहीचं पत्र की अमुक तारखेनंतर मी ठेवू शकत नाही आणि का. नोकरी गेली असेल तर कंपनीचा ईमेल, शेवटच्या पेस्लिप. होम ऑफिसकडे काही अर्ज पडून असेल तर त्याची पोच.

मग बँक स्टेटमेंट, आणि यावर थोडं थांबू. सगळ्या अकाउंटची, निदान गेल्या तीन-सहा महिन्यांची, नवराबायको दोघांची, भारतातली पण. काउन्सिलचा माणूस प्रत्येक ओळ वाचतो. १२ तारखेला २०० पौंड आले ते कोणी दिले, ५० पौंड मनी ट्रान्सफरने गेले ते कोणाला. आधीच बसून प्रत्येक मोठ्या एंट्रीपुढे पेन्सिलने लिहून ठेवा, भिशीचे पैसे, मावसभावाकडून उसने, क्रेडिट कार्डचा हप्ता. भिशी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागेल, ती बचत नाही, आपल्याच आधी भरलेल्या पैशाचा नंबर लागला, हे एका कागदावर लिहून ग्रुपमधल्या कोणाची तरी सही घ्या.

गावाकडचं पण लपवू नका. सात-बाऱ्यावर नाव आहे का, वडिलांच्या फ्लॅटमध्ये हिस्सा आहे का, हे विचारतात. जमीन पाच भावंडांत सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, उद्या विकून परवा पैसे हातात येणार नाहीत, हे खरं असेल तर तसंच सांगा. न सांगितलेली गोष्ट नंतर स्टेटमेंटमधून निघाली की मग बाकी सगळ्यावरचा विश्वास उडतो आणि मदत नाकारायला तेवढं कारण पुरतं.

फोन आणि ईमेल

काउन्सिलच्या वेबसाइटवर चिल्ड्रन्स सर्व्हिसेसचा रेफरल नंबर असतो, बऱ्याच ठिकाणी त्याला मॅश (मल्टी-एजन्सी सेफगार्डिंग हब) म्हणतात. ऑफिस बंद झाल्यावर इमर्जन्सी ड्यूटी टीम असते, तिचा नंबर वेगळा. काही काउन्सिलमध्ये वेगळी एनआरपीएफ टीमच आहे. फोन करा, पण त्याच दिवशी ईमेल पण करा, कारण फोनवरचा नकार कुठे नोंदवलेला नसतो. ईमेलमध्ये लांबलचक कहाणी नको. आम्ही कोण, मुलं किती आणि वयं काय, कुठे राहतोय, किती तारखेला घर जाणार, हातात किती पैसे आहेत, व्हिसाची अट काय, आणि मग स्पष्ट वाक्य: सेक्शन सेव्हन्टीनखाली चाइल्ड इन नीड असेसमेंट करा आणि तोपर्यंत इमर्जन्सी अकोमोडेशन आणि जेवणखाण्याचे पैसे द्या. काही नाकारत असाल तर लेखी कारण द्या, हे शेवटी घालायचंच.

शाळेतल्या सेफगार्डिंग लीडने (मुलांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या शिक्षकाने), हेल्थ व्हिजिटरने (लहान मुलांसाठीच्या एनएचएस नर्सने) किंवा जीपीने रेफरल केलं तर वजन वाढतं. मराठी माणसाला मुलाच्या शाळेत हे सांगायची फार लाज वाटते, पण शाळेतल्या लोकांनी हे पाहिलेलं असतं आणि ते बरेचदा फूडबँकचं व्हाउचर पण तिथल्या तिथे देतात.

इंग्रजी अडखळत असेल तर इंटरप्रिटर मागा आणि मराठी असं नाव घेऊन मागा. नाहीतर इंडियन म्हटल्यावर हिंदीवाला येतो आणि आईला धड सांगता येत नाही. मुलाला दुभाषा करू नका.

मुलाखतीत काय होतं

दोन सोशल वर्कर येतील किंवा ऑफिसात बोलावतील, कधी सोबत काउन्सिलचा फ्रॉड ऑफिसर असतो. प्रश्न उलटतपासणीसारखे वाटतात. इतके दिवस कसं भागवलं, कोणी दिलं, तो आता का देत नाही, भारतात का जात नाही. चिडू नका, ज्यांनी आत्तापर्यंत मदत केली त्यांची पत्रं पुढे करा. मुलांशी एकटं बोलतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तशी रीतच आहे.

एक वाक्य काही ठिकाणी ऐकायला मिळतं, की आम्ही मुलांना ठेवून घेऊ, तुमची सोय आमच्याकडे नाही. आईबापाच्या पायाखालची जमीन सरकते आणि ते उठून निघून जातात. असं करू नका. मूल असं ठेवून घेणं म्हणजे सेक्शन २०, आणि त्याला तुमची संमती लागते, संमती नाही म्हणून सांगा. सेक्शन १७ मध्ये कुटुंबाला एकत्र ठेवायची सोय आहे, तेच मागत राहा आणि कोण काय म्हणालं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, काउन्सिल तुमचा स्टेटस होम ऑफिसकडे तपासतेच, त्यासाठी एनआरपीएफ कनेक्ट नावाची सिस्टिम आहे. व्हिसा चालू असेल तर काळजीचं कारण नाही. व्हिसा संपलेला असेल तर २००२ च्या कायद्याच्या शेड्यूल ३ मुळे मामला बदलतो, काउन्सिलला होम ऑफिसला कळवावं लागतं आणि मदत द्यायच्या आधी ह्युमन राइट्स असेसमेंट करावी लागते, म्हणजे मदत नाकारली तर मानवी हक्काचा भंग होतो का, की हे कुटुंब परत जाऊ शकतं. तरी दार पूर्ण बंद नाही. कौटुंबिक किंवा मानवी हक्काच्या आधारावर अर्ज पडून असेल आणि तो अगदीच पोकळ नसेल तर परत जा सांगून तो निकालात काढता येत नाही, बर्मिंगहॅम काउन्सिल विरुद्ध क्लू या २०१० च्या निकालात हे आलंय. पण व्हिसा संपलेल्यांनी काउन्सिलला फोन करायच्या आधी वकिलाशी बोलावं, याच क्रमाने.

म्हणूनच व्हिसा चालू असतानाच पुढचा अर्ज टाका. मुदतीत टाकला तर निर्णय येईपर्यंत जुन्या अटींवर कायदेशीर राहता येतं. स्पॉन्सरचं लायसन्स गेलं तर होम ऑफिसचं पत्र आल्यावर साधारण ६० दिवस मिळतात, नवीन स्पॉन्सर शोधायला किंवा व्हिसा बदलायला. केअर वर्कर्सनी यात जास्त घाई करावी, कारण जुलै २०२५ पासून बाहेरून नवीन भरती बंद झालीये, इथे आधीपासून असलेल्यांनाच स्पॉन्सर बदलायची मुभा आहे.

काय मिळतं

महाल मिळत नाही. एखादी हॉस्टेलची खोली, शेअर किचन, कधी दुसऱ्याच बरोमध्ये, शाळेपासून दोन बस लांब. शाळा तुटत असेल, मुलाला दमा असून खोलीत बुरशी असेल तर लेखी तक्रार आणि जीपीचं पत्र द्या. पैशाचा कायद्यात ठरलेला दर नाही, बऱ्याच काउन्सिल असायलम सपोर्टचा (आश्रय मागणाऱ्यांना मिळणाऱ्या मदतीचा) दर डोळ्यासमोर ठेवतात, २०२४ मध्ये तो माणशी आठवड्याला ४९.१८ पौंड होता. पण डोळे मिटून एकच दर लावायचा असं चालत नाही, त्या मुलाची गरज बघावी लागते. न्यूहॅम काउन्सिल चाइल्ड बेनिफिटच्या दराने पैसे द्यायची, कोर्टाने २०१४ मध्ये ते बेकायदेशीर ठरवलं. तेव्हा नॅपी, युनिफॉर्म, बसभाडं, फोनचा डेटा यांचा आठवड्याचा हिशोब करून द्या.

नवरा मारतो, व्हिसा त्याच्या नावावर आहे

हे वेगळं घेतो कारण रस्ता वेगळा आणि लवकरचा आहे. नवरा किंवा बायको ब्रिटिश किंवा सेटल्ड असेल आणि तुम्ही पार्टनर व्हिसावर, तर घरगुती हिंसाचारासाठीचं कन्सेशन आहे, पूर्वी डीडीव्हीसी म्हणायचे, फेब्रुवारी २०२४ पासून एमव्हीडीएसी. त्यात तीन महिने पब्लिक फंड्ससकट राहता येतं आणि त्या काळात आयएलआरचा अर्ज टाकायचा. वर्क किंवा स्टुडंट व्हिसावाल्याच्या डिपेंडंटलाही आता ते तीन महिने मिळू शकतात, पण त्यांना पुढे आयएलआरचा हा रस्ता नाही आणि हातातला जुना व्हिसा जातो, म्हणून आधी सल्ला, मग फॉर्म. नॅशनल डोमेस्टिक अब्यूज हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, चोवीस तास, फुकट. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून आशियाई बायकांसोबत हेच काम करते. पासपोर्ट सासूच्या कपाटात असेल तरी निघा, नंतर काढता येतो.

एकटा माणूस, मूल नाही, तब्येत ठीक

इथे काउन्सिलकडून फार अपेक्षा ठेवू नका, हे स्पष्ट सांगतो. हाउसिंग खात्याने सल्ला आणि माहिती तरी फुकट द्यायची असते, ती घ्या. कडाक्याच्या थंडीत बऱ्याच काउन्सिल व्हिसा न बघता रात्रीचा निवारा उघडतात. नॅकॉम नावाचं संस्थांचं जाळं आहे, ते अशाच लोकांसाठी खोल्या बघतं, पण जागा थोड्या. जेवणाची चिंता असेल तर जवळचा गुरुद्वारा, लंगरमध्ये कोणी कागद मागत नाही. लंडनमध्ये डॉलिस हिल लेनवर १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे, ओळख काढायला तिथल्या कार्यक्रमाला जा, खोली भाड्याने देणारा माणूस असाच भेटतो.

भारतीय हाय कमिशनकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, अडचणीतल्या भारतीय नागरिकांना तात्पुरती राहण्याची सोय, परतीचं तिकीट यासाठी. परिस्थिती बघून देतात, त्यांच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवून मग ऑल्डविचला कमिशनच्या ऑफिसात जा.

परत जायचं ठरलं तर तारीख सांभाळा. व्हिसा संपून ३० दिवसांच्या आत स्वतःहून, स्वतःच्या पैशाने गेलात तर बंदी लागत नाही. त्याच्या पुढे स्वखर्चाने गेलात तर एक वर्ष, सरकारच्या खर्चाने गेलात तर दोन किंवा पाच, आणि त्यांनी काढून लावलं तर दहा.

नाही म्हणाले तर

लेखी नकार मागा. मग कम्युनिटी केअरचा वकील, यासाठी लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) मिळतं, गव्ह डॉट यूकेवर लीगल एड अ‍ॅडव्हायझर शोधताना 'कम्युनिटी केअर' हा प्रकार निवडायचा, इमिग्रेशन नाही. वकील काउन्सिलला ज्युडिशियल रिव्ह्यूच्या (निर्णयाला कोर्टात आव्हान देण्याच्या) आधीचं पत्र पाठवतो आणि बऱ्याच केसेस तिथेच सुटतात. लंडनमध्ये प्रोजेक्ट सेव्हन्टीन ही संस्था सेक्शन १७ चंच काम करते. ओम्बड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्याकडे) पण जाता येतं, पण त्याला महिने लागतात, आज रात्रीच्या छपरासाठी त्याचा उपयोग नाही.

व्हिसाचा सल्ला मात्र सॉलिसिटरकडून किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी असलेल्याकडूनच घ्या, जानेवारी २०२५ पर्यंत तिचं नाव ओआयएससी होतं. ग्रुपमधला "मी करून देतो, ५०० पौंड" वाला माणूस नोंदणी नसताना सल्ला देत असेल तर तो गुन्हा आहे.

अटच काढून घेता येते का? फॅमिली किंवा प्रायव्हेट लाइफ रूटवर (कुटुंबामुळे किंवा इथल्या दीर्घ वास्तव्यामुळे मिळालेल्या व्हिसावर) असाल तर हो, 'चेंज ऑफ कंडिशन्स'चा अर्ज ऑनलाइन, फुकट, कंगाल झालात किंवा व्हायच्या बेतात आहात किंवा मुलाचं हित धोक्यात आहे हे दाखवून. द युनिटी प्रोजेक्ट ही संस्था यात मदत करते. स्टुडंट आणि स्किल्ड वर्करना हे सहसा मिळत नाही. अर्ज टाकलेला असताना काउन्सिलने मदत थांबवायची नसते, आणि अट निघाली तरी त्याच दिवशी काउन्सिलला 'आता आमची मदत बंद करा' म्हणू नका. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात, घराचा अर्ज हाउसिंग खात्याकडे नव्याने करावा लागतो, तेवढे आठवडे सेक्शन १७ चालू ठेवा असं सोशल वर्करला आधीच ईमेल करून ठेवा आणि चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म त्याच आठवड्यात टाका, कारण तो फक्त मागचे तीन महिनेच भरून मिळतो.